रोजची मजल
(रोआल्ड आमुंडसेन यांचे चरित्र)

दूरच्या प्रवासास पायी निघणाऱ्या मनुष्याने सर्वांत आधी काय ठरवावे, असे विचारिले असता कोणी वाट म्हणेल, कोणी सोबत म्हणेल, तर कोणी शिधा म्हणेल. परंतु या सर्वांचा हिशेब ज्या एका आकड्यावर अवलंबून असतो, तो आकडा रोजच्या मजलेचा होय. एका दिवसात किती चालावयाचे हे ठरले म्हणजे एकंदर दिवस ठरतात. दिवस ठरले म्हणजे शिधा ठरतो. शिधा ठरला म्हणजे ओझे ठरते. आणि ओझ्याचा भार पुन्हा मजलेवरच येऊन पडतो. हा हिशेब ज्यांनी जन्मभर केला, दोनदा चुकविला, आणि चुकीपासून शिकून दक्षिण ध्रुवावर मनुष्याचे पहिले पाऊल टाकिले, त्या नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेन यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस मनोरंजक व उपयुक्त वाटेल अशी आशा आहे.

आमुंडसेन यांचा जन्म 16 जुलै 1872 रोजी दक्षिण नॉर्वेतील बोर्ये या गावी झाला. वडील येन्स आमुंडसेन हे जहाजांचे मालक व कप्तान होते. चार भावांत रोआल्ड धाकटे. ते चौदा वर्षांचे असताना वडील निवर्तले. मुलाने वैद्य व्हावे अशी आईची फार इच्छा होती व तिच्या समाधानासाठी त्यांनी क्रिस्टियानिया (आजचे ओस्लो) येथील विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास आरंभिलाही. परंतु मन पुस्तकात नव्हते. उत्तर ध्रुवाकडील समुद्रात आपल्या सर्व सोबत्यांसह नाहीसे झालेले इंग्रज दर्यावर्दी सर जॉन फ्रँकलिन यांच्या हालअपेष्टांची हकीकत त्यांनी लहानपणीच वाचिली होती. पुढे 1889 साली, ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडून आलेल्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांचे राजधानीत झालेले स्वागत त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आपणही असेच काही करावे, हा निश्चय त्या कोवळ्या वयात झाला. 1893 साली आई वारली, तेव्हा त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सोडून दिला.

निश्चय होता, शरीर कसलेले होते, पण हिशेब अद्याप आला नव्हता. 1896 सालच्या जानेवारीत रोआल्ड व त्यांचे बंधू लेऑन हे हार्डांगरविडा नावाचे नॉर्वेतील उंच, ओसाड पठार बर्फावरून ओलांडण्यास निघाले. पठाराची रुंदी सुमारे सत्तर मैल. दोन तरुण, पायांत बर्फावर घसरत जाण्याच्या स्कीच्या फळ्या. दोन दिवसांत पलीकडे पोहोचू असा अंदाज त्यांनी बांधिला व त्या मानाने थोडाच शिधा बरोबर घेतला. वाटेत वादळाने गाठले, दिशा चुकली, शिधाही बर्फात हरवला. एका रात्री रोआल्ड बर्फात खळगा करून त्यात निजले असता अंगावरचे ओले बर्फ गोठून त्यांस हालचालही करिता येईना. बंधूने सकाळी त्यांस खणून बाहेर काढिले म्हणूनच ते वाचले. या प्रवासाची आठवण त्यांनी उतारवयात लिहून ठेविली आहे. दोन दिवसांचा अंदाज हा उत्तम हवेतल्या उत्तम दिवसाचा अंदाज होता. वाईट दिवसासाठी त्यांत काहीच राखून ठेविलेले नव्हते, ही त्या प्रवासातील पहिली चूक होय.

पुढील वर्षी, म्हणजे 1897 साली, ते बेल्जिका या जहाजावर अधिकारी म्हणून दक्षिण समुद्रात गेले. ते जहाज बर्फात अडकून राहिले आणि दक्षिणेकडील दीर्घ, काळोख्या हिवाळ्यात खलाशांस ताज्या अन्नाच्या अभावी होणारा स्कर्व्ही रोग जडला. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी सील व पेंग्विन यांचे ताजे मांस खावयास लाविल्यावर मंडळी सुधारली. अन्नाची रास असूनही योग्य अन्न नसेल तर पाय चालत नाहीत, हा धडा येथे मिळाला.

याहून मोठी शाळा पुढेच होती. 1903 साली आमुंडसेन हे सहा सोबत्यांसह योआ नावाच्या लहानशा गलबतातून अमेरिकेच्या उत्तरेकडील बर्फाळ समुद्रमार्ग पार करण्यास निघाले. शेकडो वर्षे अनेक दर्यावर्द्यांनी त्या मार्गाचा शोध केला होता. फ्रँकलिन यांचा शेवटही तिकडेच झाला होता. किंग विल्यम बेटाच्या किनाऱ्यास त्यांनी दोन हिवाळे मुक्काम केला. तेथील नेट्सिलिक लोकांस त्या काळचे बहुतेक युरोपियन प्रवासी अडाणी समजत. आमुंडसेन मात्र त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसले. कातड्याची सैल वस्त्रे कशी घालावी, बर्फाचे घर कसे बांधावे, कुत्र्यांकडून गाडी कशी ओढवावी, हे सर्व ते त्यांच्याकडून शिकले. त्यात एक गोष्ट विशेष महत्त्वाची होती. हे लोक कामात धांदल करीत नसत. अति थंडीत जो घाईने चालतो त्यास घाम येतो. घाम कपड्यांत मुरून गोठतो. गोठलेले वस्त्र ऊब देत नाही. मग त्याच मनुष्यास रात्री थंडी अधिक बाधते आणि दुसऱ्या दिवशी त्याची चाल मंदावते. तेव्हा आज घाम न येईल इतकेच चालणे, हे उद्याच्या चालण्याचे बीज होय.

1905 साली तो मार्ग पार झाला. बातमी जगास कळविण्यासाठी त्या वर्षीच्या हिवाळ्यात आमुंडसेन यांनी कुत्र्यांच्या गाडीबरोबर सुमारे 500 मैल प्रवास करून अलास्कातील ईगल हे गाव गाठिले, कारण जवळचे तारघर तेवढ्या अंतरावर होते. 24 ऑक्टोबरास निघून ते 5 डिसेंबरास पोहोचले. तार पाठवून, काही आठवडे थांबून, तितकेच अंतर कापीत ते आपल्या सोबत्यांकडे परत गेले.

यानंतर उत्तर ध्रुवाकडे जावे असा त्यांचा बेत होता व नान्सेन यांनी आपले फ्राम हे मजबूत जहाज त्यांस दिले. इतक्यात 1909 साली कुक व पीअरी या दोघा अमेरिकनांनी, आपण उत्तर ध्रुव गाठिला, असे निरनिराळे दावे केले. आमुंडसेन यांनी गुपचूप आपला मोहरा दक्षिणेकडे वळविला. 1910 च्या सप्टेंबरात मदेरा बेटावर पोहोचेपर्यंत बहुतेक खलाशांसही हे ठाऊक नव्हते. इंग्रज कप्तान रॉबर्ट स्कॉट हे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेच होते. त्यांस या बदलाची तार मेलबर्न येथे मिळाली. ही लपवाछपवी अनेकांस आवडली नाही, आणि आजही तिचे समर्थन करणे सोपे नाही. थोरांच्या चरित्रात दोष असले तर ते झाकून ठेवू नयेत, म्हणून येथे ते सांगितले.

जानेवारी 1911 मध्ये फ्राम दक्षिण खंडाच्या कडेस व्हेल उपसागरात पोहोचले. बर्फावर एक लाकडी घर उभारून त्यास फ्रामहाइम असे नाव दिले. आता येथे थोडे भूगोलाचे गणित केले पाहिजे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 60 सागरी मैल, व एक सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर. रोज 15 सागरी मैल चालले तर चार दिवसांत एक अंश पुरा होतो, आणि 20 मैल चालले तर तीन दिवसांत. फ्रामहाइमपासून ध्रुवापर्यंत अकरा अंशांहून थोडे अधिक अंतर होते. हिवाळ्याचा काळोख पडण्यापूर्वी 80, 81 व 82 अंशांवर मिळून सुमारे तीन टन सामान साठवून ठेविण्यात आले. धुक्यात कोठार चुकू नये म्हणून वाटेच्या आडव्या दिशेने, दोन्ही बाजूंस कित्येक मैलांपर्यंत, निशाणांची रांग रोविली. वाटसरू थोडा डावी-उजवीकडे भरकटला तरी त्यास एखादे निशाण दिसावे, ही त्यातील योजना होती. मग चार महिने सूर्य नव्हता. त्या काळात ब्यालांड नावाच्या कुशल सोबत्याने बर्फगाड्यांची लाकडे तासून तासून त्यांचे वजन पुष्कळच घटविले.

इतकी तयारी केलेल्या मनुष्याची देखील एकदा घाईने फसगत झाली. स्कॉट आपल्यापुढे निघून जातील ही चिंता आमुंडसेन यांच्या मनास कुरतडीत होती. वसंत ऋतू स्थिरावण्यापूर्वीच, 8 सप्टेंबर 1911 रोजी, ते आठ जण निघाले. पारा शून्याखाली 56 सेल्सिअस अंशांपर्यंत उतरला. कुत्र्यांचे पाय फाटले, होकायंत्रातील द्रव गोठला. कसेबसे 80 अंशांचे कोठार गाठून, तेथे सामान टाकून त्यांनी माघार घेतली. 16 सप्टेंबरास परतीची शेवटची मजल सुमारे 40 सागरी मैलांची होती आणि ती एका दिवसात कापावी असे ठरले. ज्यांचे कुत्रे ताजे होते ते पुढे सुटले, आणि त्यांत स्वतः नायकही होते. ते दुपारी चारच्या सुमारास घरी पोहोचले. मागे राहिलेले तरुण प्रेस्ट्रूड यांचे पाय थंडीने बधिर झाले होते. त्यांच्याजवळ तंबू नव्हता, स्टोव्ह नव्हता, अन्नही नव्हते. ह्याल्मार योहान्सेन यांनी त्यांची सोबत न सोडिता अंधारातून व धुक्यातून त्यांस चालवीत आणिले. दोघे घरी आले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सर्वांदेखत, योहान्सेन यांनी नायकास दोष दिला. ते नान्सेन यांच्याबरोबर उत्तरेच्या बर्फात राहिलेले जुने अनुभवी प्रवासी होते व त्यांचे म्हणणे खरे होते. टोळीची मजल तिच्यातील सर्वांत मंद मनुष्यावरून ठरवावी, सर्वांत चपळावरून नव्हे. हा नियम त्या दिवशी नायकानेच मोडिला होता. आमुंडसेन यांस ते उघड बोलणे सहन झाले नाही. त्यांनी योहान्सेन यांस ध्रुवाकडे जाणाऱ्या टोळीतून वगळिले. योहान्सेन यांस त्याचे दुःख अखेरपर्यंत राहिले. 1913 साली ते मरण पावले. आमुंडसेन यांच्या विजयाची कथा सांगताना या माणसाचे नाव विसरणे अन्यायाचे होईल, कारण प्रेस्ट्रूड यांचे प्राण त्यांच्यामुळे वाचले.

तथापि चुकीचा बोध मात्र आमुंडसेन यांनी घेतला. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा निघाले, तेव्हा सारे बदलले होते. आठांऐवजी पाच जण: आमुंडसेन, ब्यालांड, हान्सेन, हासेल व विस्टिंग. बरोबर चार गाड्या व 52 कुत्रे. मजल आधीच ठरलेली असे. आरंभी सुमारे 15 ते 17 सागरी मैल व 82 अंशांच्या पुढे, कुत्रे सरावल्यावर, सुमारे 20. सपाट बर्फावर हे अंतर पुष्कळदा पाच-सहा तासांतच संपे. हवा स्वच्छ, कुत्रे उत्साही, पुढे जावे असा मोह पडण्यासारखाच तो प्रसंग. तरी तंबू ठोकिला जाई. उरलेला वेळ जेवणात, झोपेत व जनावरांच्या विश्रांतीत जाई. कोठारांवर एक-दोन दिवस मुक्कामही होई.

हा वेळ आळसात गेला असे मात्र समजू नये. वाटेत ठराविक अंतरावर थांबून ते बर्फाच्या चिरा रचून माणसाच्या उंचीचे बुरूज उभारीत. असे सुमारे 150 बुरूज त्यांनी बांधिले, व प्रत्येकात आपले ठिकाण आणि मागील बुरुजाची दिशा लिहिलेली चिठ्ठी ठेविली. माणसे बुरूज रचीत तोवर कुत्र्यांस दम घेण्यास अवकाश मिळे. 82 अंशांपुढे प्रत्येक अंशावर थोडा थोडा शिधा परतीसाठी पुरून ठेवावा, असा नेम धरिला. त्यामुळे दर तीन-चार मजलांनंतर ओझे आपोआप हलके होई. चाल, विश्रांती, खुणा व ओझे ही सर्व एकाच मापाने बांधिली गेली होती.

सर्वच दिवस सारखे गेले असे नव्हे. पुढे दहा हजार फुटांवरचे पठार आडवे आले. ॲक्सेल हायबर्ग या नावाने त्यांनी ओळखलेल्या हिमनदीवरून, भेगा चुकवीत, चार दिवसांत ते वर चढले. माथ्यावर त्यांनी 24 कुत्रे मारिले. उरलेल्या कुत्र्यांस व माणसांस ते ताजे अन्न झाले. हे आधीपासून हिशेबात धरिलेले होते, तरी ते क्रूर होते. ती जागा पुढे खाटिकखाना या अर्थाच्या नावानेच ओळखिली गेली. तेथे वादळाने त्यांस कित्येक दिवस अडवून ठेविले. राखून ठेविलेल्या दिवसांचा उपयोग तो हाच. हार्डांगरविडावर एका वादळाने जीव जाण्याची वेळ आणिली होती. येथे त्याहून मोठ्या वादळाने केवळ काही दिवस गेले.

14 डिसेंबर 1911 रोजी ते ध्रुवावर पोहोचले. निशाणाची काठी पाचही जणांनी एकत्र हात लावून रोविली. तीन दिवस राहून त्यांनी सूर्याचे वेध घेतले, आसमंतात दूरवर स्कीवरून जाऊन खुणा केल्या आणि एक लहान तंबू मागे ठेविला. परतीच्या वाटेवर ओझे थोडे होते, अन्न पुष्कळ होते, आणि रोजची मजल इतकी लवकर आटोपे की पिशवीत पडून राहण्याचा कंटाळा येऊ लागला. तेव्हा त्यांनी विश्रांती कमी करून मजला जवळ जवळ आणिल्या. जे माप शक्ती राखण्यासाठी धरिलेले असते, ते शक्ती शिलकीत राहिल्यावर वाढविता येते. 25 जानेवारी 1912 रोजी पाचही जण अकरा कुत्र्यांसह फ्रामहाइमला सुखरूप आले. 99 दिवसांत सुमारे 3,000 किलोमीटर प्रवास झाला होता, म्हणजे मुक्कामाचे दिवस धरूनही सरासरी रोजी 30 किलोमीटर.

कप्तान स्कॉट व त्यांचे चार सोबती 17 जानेवारी 1912 रोजी ध्रुवावर पोहोचले, तेव्हा तो तंबू त्यांच्या दृष्टीस पडला. गाड्या ते स्वतः ओढीत होते. दिवसाचे नऊ-नऊ तास ओझे ओढून त्यांच्या अंगातील शक्ती शिध्यापेक्षा अधिक वेगाने खर्च होत होती. परतीत पाचही जण मृत्यू पावले. अखेरचे तिघे मार्चच्या शेवटी एका मोठ्या कोठारापासून अवघ्या 11 मैलांवर वादळात अडकून गेले. ते कोठार मूळ बेताप्रमाणे 80 अंशांवर व्हावयाचे होते. परंतु आदल्या वर्षी तट्टे थकल्यामुळे ते सुमारे 31 सागरी मैल अलीकडेच करावे लागले होते. त्या वर्षीची थंडीही असाधारण होती. त्यांच्या शौर्यास उणेपणा आणण्याचा येथे हेतू नाही. मरणाच्या वाटेवरही त्यांनी सुमारे सोळा किलो दगड टाकून दिले नाहीत. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. अशाच पानांचे ठसे आपल्याकडे नागपूर-चंद्रपूर भागातील खडकांतही सापडतात, व दक्षिण खंड आणि हिंदुस्थान हे एके काळी एकाच भूमीचे भाग होते या मतास त्यांनी बळ दिले. ज्ञानासाठी वाहिलेले ओझे वाया गेले नाही. पण त्यांच्या प्रवासात वाईट दिवसासाठी शिल्लक थोडी होती, आणि वाईट दिवस पुष्कळ आले.

आमुंडसेन यांचे पुढील आयुष्यही प्रवासातच गेले. 1918 साली निघून मॉड या जहाजातून त्यांनी रशियाच्या उत्तरेकडील समुद्रमार्ग पार केला. 12 मे 1926 रोजी नॉर्गे या विमाननौकेतून त्यांनी उत्तर ध्रुवावरून उड्डाण केले. तिचे चालक इटलीचे उंबेर्तो नोबिले हे होते. पुढे त्या मोहिमेच्या श्रेयावरून दोघांत कडू वाद झाला. 1928 साली नोबिले यांची इटालिया ही दुसरी विमाननौका उत्तरेच्या बर्फावर कोसळल्याची वार्ता आली. ज्याच्याशी वैर होते त्याच्याच शोधासाठी आमुंडसेन 18 जून रोजी नॉर्वेतील ट्रॉम्सो येथून लाथाम जातीच्या फ्रेंच समुद्रविमानातून घाईने निघाले. काही तासांनी त्या विमानाचे संदेश थांबले. काही दिवसांतच नोबिले यांस एका स्वीडिश विमानाने वाचविले. आमुंडसेन व त्यांचे पाच सोबती मात्र परत आले नाहीत. ऑगस्टच्या अखेरीस त्या विमानाचा एक तरंडा समुद्रात सापडला. ज्या मनुष्याने प्रत्येक मजलेचा हिशेब केला, तो अखेरच्या प्रवासास निघताना संकटात सापडलेल्यांचा विचार करून निघाला, हिशेबाचा नव्हे. याचा दोष त्यांस कोण देईल?

विद्यार्थ्यांनी या चरित्रापासून शूर व्हावे हे तर खरेच. परंतु शौर्य रोज लागत नाही, मजल रोज लागते. वर्षभर पुस्तक न उघडिता परीक्षेच्या आदल्या रात्री चाळीस मैल धावू पाहणारा विद्यार्थी आमच्या परिचयाचा आहे, आणि पहिल्या आठवड्यात सारा अभ्यासक्रम संपविण्याचा संकल्प करून दुसऱ्या आठवड्यात थकून बसणाराही परिचयाचा आहे. आपल्या शक्तीस उद्याही झेपेल इतका भाग ठरवावा; तो वाईट दिवशीही शक्य तितका पुरा करावा, आणि चांगल्या दिवशी उरलेला वेळ खेळात व झोपेत निःशंक घालवावा. पालकांसही एक विनंती आहे. घरात दोन मुले असली आणि एकाची चाल मंद असली, तर त्यास दुसऱ्याच्या मजलेने मोजू नये. मागे राहिलेल्यासाठी काळोखात थांबून त्यास घरी आणणारा योहान्सेन प्रत्येक घरास हवा असतो.